‘काटकसरी जनुक’ : एका उपपत्तीची चिकित्सा

जेम्स नील यांनी १९६२ साली अमेरिकेतील मानवी आनुवंशिकीच्या नियतकालिकात मधुमेहावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकाच्या अखेरीस एक प्रश्नचिन्ह होते. एक ‘काटकसरी’ जनुकप्रकार ‘प्रगती’मुळे घातक ठरला आहे काय, असा तो प्रश्न होता, आणि काटकसर व प्रगती हे दोन्ही शब्द लेखकाने अवतरणचिन्हांत घातले होते. पुढील साठ वर्षांत ह्या निबंधाचा उल्लेख वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांपासून वृत्तपत्रांतील आरोग्यसदरांपर्यंत सर्वत्र होत राहिला. ह्या प्रवासात प्रश्नचिन्ह गळून पडले, अवतरणचिन्हे पुसली गेली, आणि एका सावध लेखकाने मांडलेली शंका सिद्धान्त म्हणून शिकविली जाऊ लागली. जनुकीय वैविध्याचा शरीरातील मेदाशी आणि इन्शुलिनच्या प्रतिरोधाशी काय संबंध आहे ह्याविषयी गेल्या वीस वर्षांत जे ज्ञान हाती आले आहे, त्याच्या प्रकाशात ही उपपत्ती कितपत टिकते हे पाहणे अगत्याचे आहे.

नील यांच्यापुढील कोडे खरोखरच कोडे होते. मधुमेह आनुवंशिक आहे; तो प्रजननाच्या दृष्टीने हानिकारक आहे; मग तो इतका सर्रास कसा आढळतो? नैसर्गिक निवडीने तो केव्हाच विरळ व्हावयास हवा होता. त्यांचे उत्तर असे की, मनुष्यजात आपल्या इतिहासाचा बहुतेक काळ कधी मुबलक अन्न तर कधी उपासमार अशा अवस्थेत जगली. अन्न मिळताच ज्याच्या शरीरात इन्शुलिन झटपट स्रवते, तो मिळालेले अन्न मेदाच्या रूपाने साठवतो व पुढील उपासमारीत तगतो. अन्नाचा तुटवडा संपला, की हाच गुण दोष बनतो. इन्शुलिन सतत अधिक स्रवते, शरीरात त्याचे विरोधक निर्माण होतात आणि अखेर मधुमेह जडतो. युक्तिवाद देखणा आहे. एका रोगाला भूतकाळातील सद्गुणाचे रूप देणारी अशी कल्पना वाचकाच्या मनात घर करते, ह्यात नवल नाही. लोकसंख्येच्या भाराने टंचाई पुन्हा आली तर हे जनुक उपयोगी पडेल, म्हणून ते जपावे असेही नील यांनी सुचविले होते. त्यांच्या अनुयायांनी हा भाग मात्र फारसा उचलला नाही.

येथे पहिली अडचण काळाची आहे. १९६२ मध्ये नील मधुमेह हा एकच रोग समजून चालले होते. लहान वयात होणारा व प्रौढपणी होणारा हे दोन वेगळे रोग आहेत, ही जाणीव तेव्हा सर्वमान्य झाली नव्हती. वस्तुतः हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच लंडनमध्ये दाखवून दिले होते, की काही रुग्णांची रक्तशर्करा इन्शुलिन टोचताच उतरते, तर काहींच्या शरीरावर त्याच मात्रेचा फारसा परिणाम होत नाही. ह्या दुसऱ्या अवस्थेलाच आज इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात: संप्रेरक असते, पण स्नायू, यकृत व मेदपेशी त्याचे म्हणणे ऐकत नाहीत. रोझलिन यालो व सोलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत सिद्ध केली, तेव्हा प्रौढ रुग्णांच्या रक्तात ते पुष्कळदा कमी नव्हे तर अधिकच असल्याचे दिसले. नील यांचे कोडे प्रजननाच्या हानीवर उभे होते. ही हानी मुख्यतः बालवयीन मधुमेहाला लागू पडते. प्रौढ मधुमेह बहुधा अपत्ये झाल्यानंतर येतो. त्यामुळे ज्या रोगासाठी उपपत्ती आज सांगितली जाते, त्या रोगाच्या बाबतीत मूळ कोडेच पुष्कळ अंशी सैल होते.

(सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल म्हटला आहे. त्यावरून प्राचीनांना सर्व काही अवगत होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा. परंतु कृश रोगी आणि स्थूल रोगी ह्यांना एकाच कारणात कोंबू नये, एवढे निरीक्षण त्यात खासच आहे.)

दुसरी अडचण पुराव्याची. उपपत्तीला जो मोठा आधार मिळाला तो अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील पीमा लोकांचा. १९६५ पासून तेथे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात त्यांच्यामध्ये मधुमेहाचे प्रमाण विलक्षण आढळले, आणि ‘काटकसरी जनुकाचे लोक’ अशी त्यांची ओळख झाली. परंतु त्यांचेच निकटचे बांधव सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरांत शेती करून राहतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातील पीमांत मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के, तर मेक्सिकोतील पीमांत ६.९ टक्के निघाले. त्याच डोंगरांतील पीमेतर लोकांत ते २.६ टक्के होते. तेव्हा आनुवंशिक कल काहीच नाही असे म्हणता येत नाही. परंतु मोठा फरक कोठे आहे हे आकड्यांतच स्पष्ट आहे. ॲरिझोनातील पीमा हीला नदीच्या पाण्यावर शेती करीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगास वसलेल्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळविले व त्यांची शेती बुडाली. ज्या समाजाचे पाणी हिरावले गेले, त्याच्या रोगाचे कारण त्याच्या रक्तात शोधणे किती सोयीचे असते, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे. स्वतः नील यांनी शेवटच्या काळात ह्या मताला मुरड घातली: राखीव वसाहतींतील मूळ अमेरिकनांमधील मधुमेह केवळ वांशिक कलाने समजावता येत नाही, तो मुख्यतः राहणीतील बदलाचा परिणाम आहे, असे त्यांनी लिहिले. लेखकाने आपली उपपत्ती आवरती घेतली. वाचकांनी मात्र ती सोडली नाही.

तिसरी अडचण सर्वांत मूलगामी आहे, व तिचे स्वरूप २००७ नंतरच स्पष्ट झाले. नील यांच्या मांडणीत मेद साठविण्याची शक्ती आणि मधुमेहाची प्रवृत्ती ही एकाच जनुकाची दोन तोंडे आहेत. जो चांगला साठवतो तोच रोगी होतो. हे गृहीत प्रत्यक्ष जनुकांच्या साक्षीने तपासता येते, आणि ते तपासले असता फार विचित्र चित्र उमटते.

शरीराचा बांधा आनुवंशिक असतो ह्याविषयी वाद नाही. डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींच्या १९८६ मधील अभ्यासात त्यांचा बांधा दत्तक घेणाऱ्या मातापित्यांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळणारा निघाला. २००७ मध्ये ह्या आनुवंशिकतेचा पहिला ठळक धागा सापडला. तो सापडला तोच मधुमेहाचा शोध घेताना: एफटीओ नावाच्या जनुकातील एक भेद मधुमेही लोकांत अधिक दिसला, परंतु वजनाचा हिशेब वजा करताच तो संबंध नाहीसा झाला. म्हणजे हा भेद प्रथम लठ्ठपणा आणतो, मधुमेह त्यामागून येतो. युरोपीय वंशाच्या ३८,७५९ व्यक्तींच्या पाहणीत, ज्यांच्याकडे ह्या रूपाच्या दोन्ही प्रती होत्या असे १६ टक्के प्रौढ, हे रूप मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोग्रॅमने जड भरले. नंतर २०१४ व २०१५ मध्ये असे दिसून आले, की हा भेद एफटीओच्या हद्दीत असला तरी त्याचे कार्य दूरच्या आयआरएक्स३ व आयआरएक्स५ ह्या जनुकांवर होते. तेव्हा ‘एफटीओ हे लठ्ठपणाचे जनुक’ हा शब्दप्रयोगही घाईचाच म्हटला पाहिजे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासाची २०१५ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा ह्याच भेदाचा वजनाशी संबंध १९४२ नंतर जन्मलेल्यांत स्पष्ट आढळला, त्यापूर्वी जन्मलेल्यांत आढळला नाही. जनुक तेच, परिणाम मात्र काळानुसार निराळा. पुढे लठ्ठपणाशी निगडित स्थानांची संख्या वाढत गेली. २०१८ मध्ये सुमारे ७ लक्ष व्यक्तींच्या सर्वेक्षणात ती ९४१ झाली. ही सर्व स्थाने एकत्र घेऊनही देहभार निर्देशांकातील फरकाचा सुमारे ६ टक्के भागच समजावता आला. त्यांपैकी ज्यांचे कार्य उलगडले आहे, त्यांतील पुष्कळशी मेंदूत, भुकेच्या व तृप्तीच्या नियमनात गुंतलेली आहेत. साठवणीच्या कोठारात काटकसर करणारे जनुक ह्या यादीत अग्रभागी यावयास हवे होते. तसे ते आले नाही.

आता इन्शुलिन-प्रतिरोधाच्या बाजूने पाहावे. येथे अपेक्षा अशी, की जी रूपे मेद वाढवितात तीच प्रतिरोध वाढवितील. आयआरएस१ ह्या जनुकाजवळील एका भेदाने २०११ मध्ये ही अपेक्षा उलटी केली. त्याचे एक रूप शरीरातील मेदाचे प्रमाण कमी करते, विशेषतः पुरुषांत त्वचेखालील मेद घटविते; आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ते इन्शुलिन-प्रतिरोध वाढविते. हा अपवाद नव्हता. २०१७ मध्ये १,८८,५७७ व्यक्तींच्या माहितीवरून इन्शुलिन-प्रतिरोधाची जी ५३ स्थाने निश्चित झाली, त्यांतील प्रतिरोधकारक रूपे अंगी बाळगणाऱ्या व्यक्तींच्या नितंबांत व पायांत मेद कमी असल्याचे आढळले.

ह्याचा अर्थ लावताना दुर्मिळ रोगांची साक्ष मोलाची ठरते. मेदक्षय नावाच्या आनुवंशिक विकारांत रोग्याच्या हातापायांवरचा, कधी सर्वांगावरचा मेद जवळजवळ नाहीसा होतो. सामान्य समजुतीने असा मनुष्य मधुमेहापासून सुरक्षित असावा. प्रत्यक्षात त्याला अतितीव्र इन्शुलिन-प्रतिरोध जडतो, यकृतात चरबी दाटते, रक्तातील मेद चढतो. अशा विकारांस कारण होणाऱ्या जनुकांपैकी पीपीएआरजी हे मेदपेशी घडविणारे प्रमुख जनुक होय. आणि ह्याच जनुकातील एक सौम्य, सर्वत्र आढळणारा भेद सामान्य लोकांतील मधुमेहाशी अल्प प्रमाणात निगडित आहे. दुर्मिळ विकारात जे ठळकपणे घडते, तेच सामान्य माणसात मंदपणे घडत असावे, असे मानण्यास येथे जागा आहे. त्वचेखालील मेद हे शरीराचे सुरक्षित कोठार आहे. कोठार मोठे असेल तर जास्त अन्न तेथे निमूटपणे पडून राहते. ते लहान असेल तर उरलेला मेद यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती उतरतो. तेथील पेशी त्यासाठी घडलेल्या नसतात, आणि त्यांच्यात इन्शुलिनचा संदेश अडखळू लागतो. मार्सेचे झां व्हाग यांनी १९४७ मध्येच स्थूलतेचे पुरुषी व स्त्रैण असे दोन प्रकार कल्पून, मेद किती आहे ह्यापेक्षा तो कोठे आहे हे पाहण्याचे महत्त्व मांडले होते. त्यांच्या निरीक्षणाला जनुकीय आधार मिळण्यास सत्तर वर्षे जावी लागली.

तेव्हा साठवणीची शक्ती रोग आणत नाही. साठवणीची मर्यादा रोग आणते. नील यांच्या समीकरणाची दिशाच येथे उलटते.

दोन बेटांवरील उदाहरणांत हे विशेष स्पष्ट होते. सामोआतील ३,०७२ लोकांच्या पाहणीत २०१६ मध्ये सीआरईबीआरएफ जनुकातील एक भेद सापडला. तेथील जनुकप्रतींपैकी सुमारे २६ टक्के प्रतींत तो आहे. पॅसिफिक समाजांबाहेर तो जवळजवळ आढळत नाही. प्रत्येक प्रतीमागे देहभार निर्देशांक सुमारे १.४ अंकांनी वाढतो. लठ्ठपणाशी निगडित इतर सामान्य भेदांच्या मानाने हा परिणाम पुष्कळच मोठा. पेशींवरील प्रयोगांत हे रूप ऊर्जेचा खर्च घटवून मेदाची साठवण वाढविते असे दिसले. काटकसरी जनुकाचे इतके हुबेहूब चित्र दुसरे मिळणार नाही, आणि शोधकर्त्यांनीही नील यांचे स्मरण केलेच. परंतु हे रूप धारण करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका अधिक नव्हे, तर कमी आहे. उलट ग्रीनलंडमध्ये २०१४ साली टीबीसी१डी४ जनुकात जो भेद सापडला, तो स्नायूंना रक्तातील शर्करा ओढून घेऊ देत नाही. तेथील जनुकप्रतींपैकी १७ टक्के प्रतींत तो आहे. ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती आहेत, त्यांची ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची शर्करा सरासरी ३.८ मिलिमोल प्रति लिटरने अधिक भरते, आणि मधुमेहाची शक्यता सुमारे दसपट होते. येथे प्रतिरोध आहे, पण त्यास लठ्ठपणाची गरज नाही. एका बेटावर मेद आहे व रक्षण आहे, दुसऱ्यावर मेदावाचून रोग आहे. आणि दोन्हींचे वर्णन मात्र एकाच ‘काटकसर’ ह्या शब्दाने करण्याची प्रथा आहे.

उपपत्तीचा ऐतिहासिक भाग, म्हणजे दुष्काळाने केलेली निवड, हाही दुबळाच आहे. जॉन स्पीकमन यांचा आक्षेप असा, की दुष्काळात मृत्यू मुख्यतः लहान मुले व वृद्ध ह्यांचे, आणि बहुधा साथीच्या रोगांनी होतात. कृश प्रौढ मरतात व जाडे वाचतात असे घडत नाही. शिवाय लक्षावधी वर्षे निवड झाली असती, तर हे जनुक सर्वांत असावयास हवे; मग मुबलक अन्न असूनही कित्येक लोक सडपातळ कसे राहतात? आक्षेप सबळ आहे. परंतु त्यांनी त्याऐवजी सुचविलेली कल्पना, की हिंस्र श्वापदांचे भय संपल्यावर जाडेपणास लागलेला लगाम सुटला आणि ही जनुके यदृच्छेने पसरली, हीही नील यांच्या कल्पनेइतकीच सिद्धतेच्या प्रतीक्षेत आहे. मधुमेहाशी निगडित ६५ स्थानांची २०१४ मध्ये तपासणी झाली. तीत रोगकारक रूपांची एकंदरीने निवड झाल्याची स्पष्ट खूण मिळाली नाही, काही ठिकाणी तर रक्षक रूपच निवडले गेल्यासारखे दिसले.

ह्या वादात पुण्याचा वाटा लक्षणीय आहे, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस तो अधिक परिचित असावयास हवा. के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या ६३१ बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ बालकांशी तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तेथील बालकांचे ३.५. स्नायू व उदरातील अवयव ह्यांत पुण्याची बालके फारच मागे होती. पाठीवरील त्वचेखालच्या मेदात मात्र ती तितकी मागे नव्हती. अंगाने रोड, पण मेदाने भरलेले असे हे बालक जन्मतःच असते. ह्याच विरोधाभासाचे प्रौढ रूप याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच देहांवर दाखविले (साखरेविरुद्ध लिहिणारे युडकिन ते वेगळे): दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्यानंतर २००९ मध्ये पुणे-हैदराबादच्या संशोधकांस भारतीयांत एफटीओच्या भेदाचा मधुमेहाशी जो संबंध आढळला, तो देहभाराचा हिशेब वजा करूनही पूर्णपणे नाहीसा झाला नाही. युरोपात जो झाला तो येथे का झाला नाही? देहभार निर्देशांक हे माप भारतीय शरीरातील मेद नीट मोजत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. तसे असेल तर दोष जनुकाचा नसून फूटपट्टीचा आहे.

तथापि, ‘कृश परंतु मेदयुक्त’ भारतीय हा जनुकांचाच परिणाम, असे समजणे म्हणजे पीमांच्या बाबतीत झालेली चूक येथे पुन्हा करणे होय. निकोलस हेल्स व डेव्हिड बार्कर ह्यांनी १९९२ मध्ये काटकसर जनुकांतून काढून गर्भाशयात नेली: गर्भास अन्न अपुरे मिळाले, की त्याची घडणच पुढील टंचाईच्या अपेक्षेने होते. पुण्यातच झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवल्या गेल्या; त्यांच्या वंशजांतील इन्शुलिन-प्रतिरोध नंतरच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न मिळूनही गेला नाही. हे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दिसले म्हणून ते जनुकांच्या अक्षरांत लिहिलेले असतातच असे नाही. मिलिंद वाटवे व याज्ञिक ह्यांनी २००७ मध्ये तर सर्वच काटकसरीस आव्हान दिले. त्यांच्या मते प्रतिरोधाचे मूळ अन्नसाठ्यात नसून वर्तनात आहे: स्नायूंच्या बळावर जगण्याची रीत सोडून बुद्धीच्या व संबंधांच्या बळावर जगण्याची रीत पत्करताना शरीर जो पालट करते, त्याचा तो भाग आहे. ही कल्पना धाडसी आहे व तिचे पुष्कळसे पुरावे अप्रत्यक्ष आहेत; परंतु काटकसरीच्या रूपकाबाहेर पडून विचार करता येतो, हे तिने दाखविले.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांस लठ्ठ म्हणता येत नाही. वजन बेताचे म्हणून ज्याला निर्धास्त केले जाते, त्याच्या यकृतात काय साठते आहे हे वजनकाटा सांगत नाही. दुसरीकडे, जनुकांच्या आधारे धोका वर्तविणारी गणिते आज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेली आहेत व भारतीयांच्या बाबतीत ती तितकी अचूक उतरत नाहीत. त्वचेखालील कोठार भारतीयांत जात्याच लहान असते ही सूचनाही आकर्षक आहे. परंतु ती जनुकांमुळे किती, मातेच्या पोषणामुळे किती, आणि बालपणीच्या वाढीमुळे किती, ह्याचे वाटे अद्याप पडलेले नाहीत. सहा खेड्यांतील ती बालके आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांची जन्मवेळची मापे, मातांच्या आहाराची नोंद आणि जनुकीय माहिती एकत्र असल्याने हे वाटे पाडण्यास ह्याहून योग्य साहित्य सहजासहजी मिळणार नाही. मेद कोठे आहे ह्याचा प्राथमिक अंदाज घेण्यास तर फार मोठी सामग्रीही लागत नाही. कंबर व नितंब ह्यांचे घेर साध्या फितीने घेता येतात. परंतु पुष्कळशा रुग्णपत्रिकांत अजूनही उंची आणि वजन एवढेच दोन रकाने असतात.